पर्यावरण आणि ऊर्जाधोरणावर नाशिकमध्ये वाद घालताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एकलहऱ्याचं थर्मल (कोळशावरचं वीजकेंद्र), गोदावरी, खालच्या जायकवाडी धरणाला सोडलेलं पाणी, गायरानावरचे सौर प्रकल्प, तपोवनातली झाडं. या विषयांवर नाशिकमध्ये भरपूर बोललं जातं, पण निर्णयाच्या कागदावर त्यातलं फार थोडं उतरतं. खालचे प्रश्न महाविद्यालयातली स्पर्धक मुलं-मुली, द्राक्ष आणि कांदा पिकवणारे शेतकरी, सोसायट्यांचे सचिव आणि ग्रामपंचायत सदस्य पुन्हा पुन्हा पाठवतात. प्रश्नांची भाषा शक्यतो त्यांचीच ठेवली आहे. एकाच गोष्टीचं उत्तर दोनदा दिलेलं नाही. जिथे संबंध आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. अशा विषयावर मी काय बोलणार?

तुमच्या शिवारात किंवा गल्लीत जे रोज घडतं ते बोला. प्रकल्पाच्या अहवालात "परिसरात विहिरी नाहीत" असं लिहिलं असेल आणि तुमच्या बांधावर विहीर असेल, तर ती चूक दाखवायला पदवी लागत नाही. गट नंबर, फोटो आणि तारीख लागते. अहवाल लिहिणारा सल्लागार थोडे दिवस येऊन जातो, तुम्ही बारा महिने तिथे असता. तांत्रिक भाग शिकता येतो आणि तो वाटतो तेवढा मोठा नाही. सुरुवात प्रश्न ३ पासून करा.

२. हे निर्णय होतात तरी कुठे? आम्ही मोर्चा नेमका कुणाकडे न्यायचा?

बहुतेक मेहनत इथेच वाया जाते. विजेचा दर महावितरण ठरवत नाही, महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. महावितरण फक्त मागणी करतं. मोठ्या प्रकल्पाची पर्यावरण मंजुरी जिल्हाधिकारी देत नाहीत. ते किंवा त्यांचे प्रतिनिधी जनसुनावणीचं अध्यक्षस्थान घेतात, सुनावणी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं, आणि मंजुरी केंद्राच्या मंत्रालयाकडून किंवा राज्य प्राधिकरणाकडून येते. शहरातली झाडं तोडण्याची परवानगी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे मागावी लागते. वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी पाणी सोडण्याचा आदेश गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाकडून निघतो, आणि त्यामागचा नियम जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा आहे.

म्हणून भाषण लिहिण्याआधी एक ओळ लिहा: समोर बसलेल्या माणसाच्या सहीने काय होऊ शकतं? तेवढंच मागा. नियामक आयोगासमोर हवामानबदलावर पंधरा मिनिटं बोललात तर ऐकून घेतील. "कृषी वाहिन्यांची, म्हणजे शेतीपंपांना वीज देणाऱ्या फीडरची, गळती मोजायला प्रत्येक फीडरवर मीटर लावा आणि आकडे दर महिन्याला जाहीर करा" असं म्हणालात, तर आदेशात त्याला उत्तर द्यावं लागेल.

३. मेगावॅट आणि युनिट यांत माझा नेहमी गोंधळ होतो. सोप्या भाषेत सांगाल का?

मेगावॅट ही क्षमता, युनिट ही प्रत्यक्ष वीज. एक किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. पाच अश्वशक्तीचा पंप साधारण ३.७ किलोवॅटचा, आठ तास चालला तर जवळपास ३० युनिट.

आता एकलहरे घ्या. तिथे २१० मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण ६३०. हे तिन्ही चोवीस तास पूर्ण क्षमतेने चालले तर दिवसाला सुमारे १ कोटी ५१ लाख युनिट होतील. एक मेगावॅट सौर प्रकल्प आपल्याकडे दिवसाला साधारण साडेचार हजार युनिट देतो. तेवढीच वीज सौरपासून घ्यायची तर ६३० मेगावॅट पुरणार नाही, सुमारे ३,४०० मेगावॅट लागेल. मेगावॅटला चार एकर धरले तर साडेतेरा हजार एकर जमीन.

हा आकडा सौरविरोधी लोक आनंदाने वापरतात, पण त्यात एक खोच आहे. एकलहरे वर्षभर पूर्ण क्षमतेने चालत नाही. तुलना करायची ती प्रत्यक्ष निर्मितीशी, म्हणजे गेल्या वर्षी किती युनिट निघाली त्याच्याशी. समोरच्याने नुसते मेगावॅट सांगितले की शांतपणे विचारा, "वर्षाची युनिट किती?" निम्मे वाद तिथेच जमिनीवर येतात.

४. एकलहऱ्याचं थर्मल बंद करा म्हणावं की नवा संच आणा म्हणावं?

आमच्याकडे सर्वांत जास्त येणारा हा प्रश्न आहे, आणि दोन्ही बाजूंकडे खरी माणसं आहेत.

आज चालणारे संच १९७९ ते १९८१ या काळात सुरू झाले. त्याआधीचे १४० मेगावॅटचे दोन संच बंद झाले आहेत. ६६० मेगावॅटच्या बदली संचाची चर्चा वर्षानुवर्षं चालली, संच आला नाही. चाळिशी ओलांडलेल्या संचाला युनिटमागे कोळसा जास्त लागतो. मोठमोठ्या नव्या संचांपुढे त्याची वीज महाग पडते, मग स्वस्त वीज आधी घेण्याच्या क्रमात तो मागे ढकलला जातो. थोडक्यात, बंद होण्याचा दबाव पर्यावरणवाद्यांच्या आधी दराच्या गणितातूनच येतो.

पूर्ण क्षमतेने चालताना युनिटमागे ०.७ किलो कोळसा धरला तर दिवसाला दहा हजार टनांच्या आसपास कोळसा जळतो. आपल्या कोळशात राख ३० ते ४५ टक्के. म्हणजे रोज तीन ते साडेचार हजार टन राख, शिवाय गोदावरीचं पाणी. दुसऱ्या बाजूला कंत्राटी कामगार, राखेवर चालणारे विटांचे धंदे, वाहतूकदार, नाशिकरोडची बाजारपेठ. आणि वीजव्यवस्थेच्या दृष्टीने एक मुद्दा कायम विसरला जातो: शहराच्या उशाशी असलेलं केंद्र त्या भागातला विजेचा दाब सांभाळतं. ते गेलं तर पारेषण वाहिन्या आणि उपकेंद्रं आधी भक्कम करावी लागतात.

माझं मत विचाराल तर "बंद करा" आणि "वाढवा" या दोन्ही घोषणा अपुऱ्या आहेत. मागायचं ते तारखेचं वेळापत्रक. कोणता संच कधी थांबणार, त्या दिवशी वीज कुठून येणार, कंत्राटी कामगाराचं नाव कोणत्या यादीत असणार, राखेच्या बंधाऱ्याची जमीन कोण साफ करणार. वेळापत्रक नसताना संच हळूहळू थंड होत जातात, आणि सर्वांत आधी कंत्राटी माणसाची रोजी जाते. मग विचारायला कुणी उरत नाही.

५. भारताची निम्मी वीज आता हरित झाली असं ऐकलं. खरं आहे का?

निम्मी क्षमता, निम्मी वीज नव्हे. २०३० पर्यंत स्थापित क्षमतेचा ५० टक्के वाटा बिगरजीवाश्म स्रोतांचा करायचा, हे उद्दिष्ट भारताने २०२५ मध्येच गाठलं. यात सौर आणि पवन यांच्यासोबत मोठी जलविद्युत आणि अणुऊर्जाही मोजली जाते. प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत मात्र कोळशाचा वाटा अजून सत्तर टक्क्यांच्या आसपास राहिला आहे. कारण प्रश्न ३ मध्ये आहे.

६. दिवसा एवढा सूर्य आहे, मग कोळसा हवाच कशाला?

संध्याकाळी सातसाठी. सूर्य मावळतो आणि त्याच वेळी घराघरात दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. हा खड्डा भरायला तीन मार्ग आहेत: मागणी दिवसा सरकवणं, बॅटरी, आणि पाणी उपसून साठवणं.

तिसऱ्याचा नमुना आपल्या शेजारीच आहे. अकोले तालुक्यातल्या घाटघरला २५० मेगावॅटचा उदंचन प्रकल्प आहे. वीज जास्त असते तेव्हा खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं, टंचाईच्या वेळी कड्यावरून खाली सोडून वीज करायची. चढवायला लागलेल्या विजेतली तीन-चतुर्थांशाच्या आसपास परत मिळते. सह्याद्रीचा कडा यासाठी फार सोयीचा, म्हणून अशा प्रकल्पांचे प्रस्ताव घाटमाथ्यावर वाढत आहेत. पण तोच कडा जंगलाचा आहे आणि आदिवासी पाड्यांचाही. साठवण हवी असं म्हणणाऱ्याने ती कुठे, हेही सांगितलं पाहिजे (प्रश्न १७ पाहा).

मागणी सरकवणं हा सर्वांत स्वस्त मार्ग, आणि त्यात नाशिक जिल्ह्याचा शेतीपंप हा मोठा मोहरा आहे. तो प्रश्न ८ मध्ये.

७. एकलहऱ्याच्या धुराड्याला गंधक काढायचं यंत्र लावणं बंधनकारक आहे की नाही? प्रत्येक जण वेगळं सांगतो.

प्रत्येक जण वेगवेगळ्या वर्षाचा नियम सांगतो म्हणून. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने औष्णिक केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा आणली; दोन वर्षांची मुदत दिली आणि ती पुन्हा पुन्हा वाढवली. २०२१ मध्ये केंद्रांचे तीन गट पाडले. राजधानी क्षेत्रापासून किंवा २०११ च्या जनगणनेनुसार दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरापासून दहा किलोमीटरच्या आत असलेली केंद्रं 'अ' गटात. अतिप्रदूषित किंवा हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांजवळची 'ब' गटात. उरलेली 'क' गटात. जुलै २०२५ च्या अधिसूचनेने 'क' गटाला धुराड्याच्या उंचीची अट पाळल्यास सल्फरच्या मर्यादेतून सूट दिली, 'ब' बाबत प्रकरणानुसार निर्णय ठेवला आणि 'अ' गटाला डिसेंबर २०२७ ची मुदत दिली. २०३० अखेर निवृत्त होण्याची हमी देणाऱ्या केंद्रांनाही सूट आहे.

नाशिकची २०११ ची लोकसंख्या सुमारे १४ लाख ८६ हजार. तेव्हा एकलहऱ्याबद्दल बोलताना दोनच प्रश्न विचारा: केंद्राचा गट कोणता, आणि निवृत्तीची लेखी हमी दिली आहे का? दोन्हींची उत्तरं माहिती अधिकारात, दहा रुपयांच्या अर्जावर मागता येतात. निवृत्तीची हमी दिली असेल तर प्रश्न ४ मधल्या वेळापत्रकाची मागणी आणखी बळकट होते, हे लक्षात घ्या.

८. आम्हाला रात्रीच पाणी भरावं लागतं. याला पर्यावरणाचा प्रश्न म्हणायचं की विजेचा?

दोन्ही, आणि जिवाचाही. कृषी वाहिन्यांना थ्री फेज वीज आठ तास, तीही आलटून पालटून दिवसा आणि रात्री. निफाड, दिंडोरी, सिन्नर भागात उसात बिबट्या असतो हे सांगायला नको. अंधारात बाऱ्यावर (पिकाला पाणी द्यायला) जाणारा माणूस, विंचू-साप, ओल्या हाताने डीपीपाशी जाणं. यातून सुटायला शेतकरी ऑटो स्विच लावतो, वीज आली की पंप आपोआप सुरू होतो आणि पाणी गरज नसताना वाहत राहतं. एकाच वाहिनीवरचे सगळे ऑटो स्विच एका क्षणी लागले की रोहित्र जळतं.

दिवसा वीज मिळाली तर हे सगळं एकदम हलकं होतं, आणि सौरवीज दिवसाच तयार होते. २०१७ ची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आणि २०२३ पासूनचा तिचा दुसरा टप्पा याच विचारावर उभा आहे: उपकेंद्राजवळ छोटा सौर प्रकल्प, त्यावर गावाची कृषी वाहिनी. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' मध्ये पंपच सौरवर येतो. सर्वसाधारण शेतकऱ्याला किमतीच्या दहा टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के भरावे लागतात.

दोन्हींत फरक आहे. वाहिनीवरच्या पंपाला ढगाळ दिवशीही ग्रीडची वीज येते. स्वतंत्र सौरपंप पावसाळी आठवड्यात मंदावतो, पण डीपी जळण्याची आणि वायरमनची वाट पाहण्याची कटकट संपते. ग्रामसभेत बोलताना तुमच्या वाहिनीचं नाव, गेल्या हंगामातलं वेळापत्रक आणि रोहित्र किती वेळा जळलं याच्या तारखा घेऊन जा. "शेतकऱ्याला दिवसा वीज द्या" हे वाक्य प्रत्येक सभेत टाळ्या घेतं. अमुक वाहिनीवरचा प्रकल्प अमुक महिन्यात का रखडला, याला अधिकाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

९. साडेसात अश्वशक्तीपर्यंत वीज मोफत झाली. त्यावर टीका केली तर शेतकरीविरोधी ठरतो का?

२०२४ च्या योजनेनुसार साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल पाच वर्षं राज्य सरकार भरणार आहे. ज्याच्या कांद्याला भाव मिळत नाही त्याला हा दिलासा खराच आहे. पण वीज फुकट असली तरी पाणी फुकट नाही. देवळा, चांदवड, येवला, सिन्नरच्या दुष्काळी पट्ट्यात विहीर आटली की बोअर, बोअर आटलं की आणखी खोल. जितकं खोल, तितका पंप मोठा. मोटार साडेसातची दहा झाली की माणूस सवलतीच्या बाहेर.

टीका करताना सवलत काढा असं म्हणण्यापेक्षा तिला जोडून काय हवं ते सांगा: ठिबक, शेततळं, पाणलोटाची कामं, गावाचा पाण्याचा ताळेबंद. सौरपंपालाही हा धोका आहेच. सूर्य असेपर्यंत उपसा करायला पैसा लागत नाही. सौर म्हणजे आपोआप पर्यावरणपूरक, असं धरून चालू नका.

१०. गावाच्या गायरानावर सौर प्रकल्प येतोय. विरोध केला तर आपण हरित ऊर्जेच्या विरोधात जातो का?

नाही. कागदावर पडीक दिसणारी जमीन प्रत्यक्षात शेळ्या-मेंढ्यांचं चराऊ रान असते, पाणलोट असतं, कुठे वर्षानुवर्षांची वहिवाटही असते. गावाच्या सामाईक जमिनींच्या रक्षणाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपाल सिंग प्रकरणात स्पष्ट निकाल दिला आहे. विरोध करायचा तर पर्याय समोर ठेवा. खासगी जमीन भाड्याने देणाऱ्याला सौर कृषी वाहिनी योजनेत हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरसाल तीन टक्के वाढ आहे. खडकाळ, नापीक जमिनीच्या मालकाला हे परवडतं. प्रकल्पाची जागा अर्धा किलोमीटर सरकवणं बहुधा शक्य असतं, मात्र ते जागा ठरण्यापूर्वी. ठराव करताना गावात किती जनावरं आहेत आणि चराईला दुसरी जमीन किती उरते, हे आकडे ठरावातच लिहा.

११. जायकवाडीला पाणी सोडायची वेळ आली की नाशिक विरुद्ध मराठवाडा असा वाद पेटतो. मुद्देसूद कसं बोलावं?

आधी नियम माहीत हवा. २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात खोऱ्यातल्या पाण्याच्या समन्यायी वाटपाची तरतूद आहे. मेंढेगिरी समितीने २०१३ मध्ये त्यासाठी तक्ते दिले, प्राधिकरणाने सप्टेंबर २०१४ मध्ये आदेश काढला आणि मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये समन्यायी वाटपाचं तत्त्व उचलून धरलं. २०१४ च्या आदेशानुसार जायकवाडीचा उपयुक्त साठा ऑक्टोबरच्या मध्यास ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न येतो. २०२३ मध्ये असाच ८.६ टीएमसीचा (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) आदेश निघाला होता.

"आमचं पाणी" या शब्दांनी सुरू केलेलं भाषण प्राधिकरणापुढे टिकत नाही. टिकतात ते मुद्दे असे: सोडलेल्या पाण्यातलं किती वाटेत मुरतं, तक्त्यांतली सिंचनाची आणि पिण्याच्या पाण्याची गरज जुनी आहे का, नाशिक शहर आता किती वाढलं आहे. आणि जे पाणी आपण खाली सोडतो ते कसल्या अवस्थेत सोडतो, हाही प्रश्न पैठणकडून येणारच. त्याचं उत्तर आपल्याजवळ हवं (प्रश्न १३).

१२. पश्चिमेकडे वाहून जाणारं पाणी उचलून आणलं की सगळे प्रश्न सुटतील ना?

पाणी उचलायला वीज लागते, हे या चर्चेत जवळजवळ कुणीच बोलत नाही. हिशोब सोपा आहे. एक टीएमसी म्हणजे सुमारे २ कोटी ८३ लाख घनमीटर. पंप आणि मोटार मिळून कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर एक टीएमसी पाणी शंभर मीटर चढवायला सुमारे १ कोटी १० लाख युनिट लागतात. दोनशे मीटरला दुप्पट. नार-पार-गिरणासारख्या योजनेवर बोलताना किती टीएमसी आणि किती मीटर उपसा हे दोन आकडे अहवालातून काढा आणि स्वतः गुणाकार करा. मग विचारा: हे बिल दरवर्षी कोण भरणार, आणि उपसा दिवसाच्या सौरवीजेवर होऊ शकतो का? गिरणा खोऱ्याची तहान खरी आहे. बिल थकल्यामुळे बंद पडलेल्या उपसा योजना राज्याने पाहिल्या आहेत, म्हणून हा प्रश्न योजनेच्या बाजूच्या माणसानेच आधी विचारायला हवा.

१३. गोदावरीतला फेस आणि पाणवेली यांचा ऊर्जाधोरणाशी काय संबंध?

मैलापाणी नदीत जाण्याआधी ते पंपिंग स्टेशनवरून तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक अशा मलनिस्सारण केंद्रांपर्यंत चढवावं लागतं आणि तिथे हवा मिसळणारी यंत्रं चालवावी लागतात. वीज गेली आणि जनरेटर चालला नाही, तर सांडपाणी नाल्यातून थेट नंदिनीत, वाघाडीत आणि तिथून गोदेत. शहराची नदी विजेच्या तारेला बांधलेली आहे.

विचारायचे प्रश्न ठोस ठेवा. केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी (पाण्यातल्या सेंद्रिय घाणीचं माप) लिटरला ३० मिलिग्रॅमच्या मर्यादेत ठेवायची रचना आहे की १० च्या? प्रत्येक पंपिंग स्टेशनला पर्यायी वीज आहे का? गेल्या वर्षी वीज नसल्याने किती तास पंप बंद होते? लोक रामकुंडात उतरून स्नान करतात. त्यासाठीच्या मानकात बीओडी ३ मिलिग्रॅमच्या वर नको आणि मलजन्य जिवाणू १०० मिलिलिटरमध्ये २,५०० च्या वर नकोत. खाली निफाड तालुक्यात नांदूरमध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथे जे पाणी पोचतं त्यात आपल्या शहराचा वाटा असतो.

१४. सिंहस्थाच्या कामांवर प्रश्न विचारले की धर्मविरोधी म्हणतात. मग गप्प बसावं का?

गप्प बसू नका. २०२७ च्या पर्वणीला लोक गोदावरीसाठी येणार आहेत. नदी आणि तिच्या काठची झाडं सांभाळा असं म्हणणारा माणूस त्यांच्याच बाजूचा आहे, हे पहिल्या वाक्यात सांगा. मग कायद्यावर या. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावण्याची अट घातली. २०२५ च्या अखेरीस तपोवनातल्या साधुग्रामाच्या जागेवरून जो वाद पेटला, त्यात हेच मुद्दे होते. हरकत देताना झाडाचा क्रमांक, जात आणि खोडाचा घेर लिहा. "सगळी झाडं वाचवा" या एका ओळीला एका ओळीचंच उत्तर मिळतं.

१५. जनसुनावणीची नोटीस आली. आता काय करायचं?

दिवस मोजायला लागा. २००६ च्या पर्यावरण आघात अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या दैनिकात. अहवालाचा सारांश मराठीत उपलब्ध हवा. जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, प्रदूषण मंडळाचं प्रादेशिक कार्यालय अशा ठिकाणी पूर्ण अहवाल पाहता येतो. मराठी सारांशावर थांबू नका. मूळ इंग्रजी अहवालातले पाणी, राख आणि वाहतूक हे भाग एखाद्या शिकणाऱ्या मुलीकडून वाचून घ्या. गावातल्या पोरी हे काम उत्तम करतात.

कामं वाटून घ्या. दहा जणांनी तोच मुद्दा दहा वेळा मांडण्यापेक्षा एकाने विहिरी, एकीने रस्ता आणि शाळा, एकाने चारा असं बोललं तर इतिवृत्तात दहा मुद्दे येतात. प्रत्येकाने लेखी प्रत द्यावी आणि पोच घ्यावी. सुनावणीचं चित्रीकरण होतं. शेवटी मांडलेल्या मुद्द्यांचं निवेदन स्थानिक भाषेत सर्वांसमोर वाचून दाखवावं लागतं. तोपर्यंत उठू नका. तुमचा मुद्दा त्यात आला नसेल तर तिथेच हात वर करा. जेवणाची वेळ झाली म्हणून मंडप रिकामा झालेला असतो, आणि नेमकं तेव्हा हे वाचन होतं.

१६. सुनावणीत सगळ्या गावाने नाही म्हटलं, तर प्रकल्प रद्द होतो का?

होत नाही. ही सुनावणी मतदान नाही. गणसंख्येचीही अट नाही, म्हणून बहिष्कार टाकल्याने ती थांबत नाही. तज्ज्ञ समितीने मुद्द्यांचा विचार करणं मात्र बंधनकारक आहे, आणि विचार न करता मंजुरी दिली असेल तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात (प्रश्न २२) तोच आधार ठरतो. म्हणून नकाराच्या जोडीला अटीही मागा: "आमचा विरोध आहे, तरीही मंजुरी द्यायची झाल्यास या अटी घाला." काही कार्यकर्त्यांना हा पराभव वाटतो. मला वाटत नाही, कारण अट लिहिली गेली तर पुढे उल्लंघन दाखवता येतं.

१७. आमचं गाव सुरगाण्यात आहे. आम्हाला वेगळे अधिकार आहेत का?

आहेत. सुरगाणा, पेठ, कळवण यांसारखे तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा (अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला जादा अधिकार देणारा) आणि राज्याचे २०१४ चे नियम लागू आहेत. भूसंपादनाआधी ग्रामसभेशी विचारविनिमय करावाच लागतो. वनजमीन असेल तर २००६ चा वनहक्क कायदाही येतो. ग्रामसभा पाड्याचीही असू शकते, हे नियमांतच आहे. ठरावावर हजर असलेल्यांच्या सह्या आणि अंगठे त्याच बैठकीत घ्या, मागाहून नको.

१८. वीजदरवाढीवर सामान्य ग्राहक काही करू शकतो का?

२००३ च्या वीज कायद्याच्या कलम ६४ प्रमाणे दरप्रस्तावाची जाहीर सूचना द्यावी लागते आणि लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊनच आयोग आदेश देतो. अंबड-सातपूरचे कारखानदार यात नेहमी उतरतात, घरगुती ग्राहक फारच कमी. आपलं बिल समोर ठेवा: स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क. यातल्या वीज शुल्काबद्दल आयोगाकडे तक्रार करून उपयोग नाही, तो राज्य सरकारचा कर आहे. बिलातली वैयक्तिक चूक ही वेगळी गोष्ट. तिच्यासाठी ग्राहक तक्रार निवारण मंच आणि पुढे विद्युत लोकपाल.

१९. इलेक्ट्रिक स्कूटर शेवटी कोळशावरच चालते, मग फायदा काय?

शंभर किलोमीटरला स्कूटरला साधारण तीन युनिट लागतात. देशाच्या ग्रीडवर युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दोन किलोच्या आसपास. पन्नासचं ॲव्हरेज देणारी पेट्रोल दुचाकी तेवढ्याच अंतरात दोन लिटर जाळते, साडेचार किलोच्या वर. शिवाय धूर शालिमार किंवा द्वारका चौकात, आपल्या नाकाशी होत नाही.

२०. सोसायटीच्या गच्चीवर सौर पॅनेल लावायचंय, पण वरच्या मजल्यावरचे विरोध करतात.

त्यांची गळतीची भीती खोटी नसते. जलरोधक काम आधी, पॅनेल नंतर, आणि ठेकेदाराची लेखी हमी. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॅटपर्यंत जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. सोसायटीच्या सामाईक वापरासाठी, म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे यांसाठी, किलोवॅटमागे १८,००० रुपये. गच्ची सामाईक असल्याने निर्णय सर्वसाधारण सभेतच घ्या. सामाईक बिल किती कमी होईल याचा कागद सभेच्या आठ दिवस आधी वाटला, तर सभा लवकर संपते.

२१. महाविद्यालयीन स्पर्धेत मला कोळशाच्या बाजूने बोलायला लावलं. मनाविरुद्ध कसं बोलू?

प्रश्न ४ मधल्या कंत्राटी कामगाराच्या घरात बसून विचार करा. प्रामाणिक मुद्दे तिथे सापडतात. हवामानबदलच नाकारणं हा आळशीपणा आहे आणि परीक्षकही त्याला भुलत नाहीत. भारताने २०७० हे निव्वळ शून्य उत्सर्जनाचं वर्ष जाहीर केलं आहे, तेव्हा वाद वेगाचा आणि खर्च कुणी सोसायचा याचा आहे.

२२. मंजुरी मिळून गेली आणि आम्हाला उशिरा कळलं. अजून काही करता येतं का?

मुदत पाहा. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात मंजुरीविरुद्धचं अपील तीस दिवसांत करावं लागतं. सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, त्यापुढे नाही. प्रदूषणासारख्या प्रत्यक्ष वादासाठीचा अर्ज कारण घडल्यापासून सहा महिन्यांत, आणि तिथेही वाढीव साठ दिवस. आपल्यासाठीचं खंडपीठ पुण्यात आहे. वकिलाशिवाय स्वतः बाजू मांडता येते. आयोगाच्या दर आदेशाविरुद्ध मात्र इथे जायचं नाही. त्यासाठी विद्युत अपील न्यायाधिकरण, मुदत पंचेचाळीस दिवस.

२३. ज्या प्रकल्पाला जनसुनावणीच लागत नाही, तिथे काय करायचं?

असे प्रकल्प बरेच आहेत. सौर प्रकल्पांना पर्यावरण मंजुरीच लागत नाही. बांधकाम प्रकल्प आणि भूसंपादन न करता होणारं रस्त्याचं रुंदीकरण सुनावणीतून वगळलेलं आहे. अशा वेळी दुसरा दरवाजा शोधा: झाडं असतील तर वृक्ष प्राधिकरण (प्रश्न १४), गायरान असेल तर ग्रामसभा आणि तहसीलदार (प्रश्न १०), अनुसूचित क्षेत्र असेल तर पेसा (प्रश्न १७), नदीपात्र किंवा पूररेषा असेल तर जलसंपदा विभाग. कारखाना असेल तर प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र मागवून वाचा. त्यात किती पाणी वापरायचं, किती सोडायचं आणि कुठे सोडायचं हे अटींसह लिहिलेलं असतं, आणि संमतीची मुदत संपली की नूतनीकरणासाठी त्याला पुन्हा मंडळाकडेच यावं लागतं. तुमची हरकत त्या तारखेच्या आधी फाइलला लागलेली हवी.